अंधाऱ्या चर्चचे फोटो: मोजणी खिडकीपासून सुरू करा

चर्चच्या आत कॅमेरा लावला की पहिल्याच फोटोत अडचण कळते. रंगीत काचा नीट दिसतील असं एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा उजेड) ठेवलं, तर बाकं आणि खांब काळेठिक्कर. खांब दिसावेत म्हणून शटर (उजेड आत येण्याची वेळ) लांबवलं, तर खिडकीच्या जागी पांढरा डाग. डोळा इकडून तिकडे फिरताना आपोआप जुळवून घेतो, सेन्सरला मात्र सगळं एकाच फ्रेममध्ये मावत नाही. उपाय म्हणजे एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज): वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून एकत्र जोडणं. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक या संशोधकांनी असे फोटो जोडून दृश्यातला खरा प्रकाश काढण्याची पद्धत मांडली. त्यातलं एक उदाहरण चर्चच्या आतलंच होतं. ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, एकेका स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने १६ फोटो, आणि सूर्य एका रंगीत खिडकीच्या थेट मागे!

इतकं टोकाचं दृश्य मुद्दाम ओढवून घ्यायची गरज नाही. आकाश उजळ पण ढगाळ असेल, किंवा ऊन इमारतीच्या दुसऱ्या बाजूला असेल, तेव्हा जा. खिडकी आणि अंधारा कोपरा यांच्या उजेडातलं अंतर काही स्टॉपनी कमी होतं आणि काचेचे रंगही जास्त गडद येतात.

आधी परवानगी. कित्येक चर्चमध्ये फोटो चालतात, पण ट्रायपॉड चालत नाही. प्रार्थना सुरू असताना फोटो काढू नयेत आणि फ्लॅश तर वापरूच नये. एवढ्या मोठ्या दालनात त्याचा उपयोगही नसतो, जवळचं बाक तेवढं पांढरं होतं. ट्रायपॉडच्या पायांना रबरी टोपणं हवीत, कारण टोकदार पायांनी फरशीवर चरे पडतात. खाली लाकडी जमीन असेल तर शेजारून माणूस चालला तरी कॅमेरा हलतो. तो लांब जाईपर्यंत थांबा.

कॅमेरा मधल्या वाटेच्या बरोबर मध्यावर ठेवायचा असेल, तर फरशीच्या रेघेवर विसंबू नका, ती बऱ्याचदा थोडी सरकलेली असते. वेदीवरचा क्रूस आणि कमानीचा मधला दगड एका रेषेत आणा. कॅमेरा पूर्ण पातळीत ठेवा. छत यावं म्हणून वर वाकवला की खांब आत कलतात. त्यापेक्षा भिंग जास्त रुंद घ्या आणि खालची फरशी नंतर कापून टाका. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न वाकवता वर सरकवता येणारं भिंग) असेल तर हे कापणंही वाचतं.

आता सेटिंग. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/८, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). ऑटो आयएसओ बंद. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळवणी) एका केल्विन आकड्यावर पक्का. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हादरे कमी करणारी सोय) बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही (लांब एक्स्पोजरमधले नॉइजचे ठिपके काढणारी सोय) बंद, नाहीतर ८ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ८ सेकंद अडून बसतो आणि तेवढ्यात उजेड बदलतो. मालिकेत फक्त शटर बदलायचं. अॅपर्चर बदललं तर दर फ्रेममध्ये फोकसची खोली वेगळी येते आणि फ्रेम एकमेकींवर बसत नाहीत. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून बाकाच्या स्पष्ट कडेवर फोकस घेऊन लगेच मॅन्युअल करा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ/८ असताना हायपरफोकल अंतर (जिथे फोकस धरला की तिथून दूरपर्यंत सगळं स्पष्ट येतं) साधारण १.१ मीटर असतं. फोकस २-३ मीटरवर ठेवला की दूरची वेदीही खणखणीत येते.

नवशिके हमखास चुकतात ते पुढच्या पायरीवर. कॅमेऱ्याचा प्रकाशमीटर जे सांगेल ते मधे ठेवून दोन्हीकडे २ स्टॉप, असे तीन फोटो काढले जातात आणि खिडकी तरीही जळलेली राहते. मालिका प्रकाशमीटरवरून ठरवू नका, दोन टोकं शोधा. पहिलं टोक खिडकीचं: कॅमेऱ्याच्या पडद्यावर जळलेला भाग लुकलुकतो, काचेवरची ती लुकलुक पूर्ण थांबेपर्यंत शटर जलद करत न्या. उघडा बल्ब लुकलुकला तरी चालेल. दुसरं टोक सावलीचं: हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) डाव्या कडेपासून स्पष्ट सुटेपर्यंत शटर लांबवा. समजा, ही टोकं १/१२५ आणि ८ सेकंद निघाली. हे १० स्टॉप झाले. दोन-दोनच्या पायऱ्यांनी १/१२५, १/३०, १/८, १/२, २ आणि ८ सेकंद, असे सहा फोटो होतात. कॅमेरा ±२ चे तीनच फोटो देत असेल, तर एकदा १/३० मधे धरून आणि एकदा २ सेकंद मधे धरून ब्रॅकेटिंग (ओळीने वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढण्याची सोय) चालवा. सहाच्या सहा मिळतात. रॉसाठी २ स्टॉपची पायरी पुरते, जेपेगसाठी १ ठेवा. शटरसाठी रिमोट किंवा २ सेकंदांचा टायमर वापरा.

आत ट्यूब किंवा एलईडी असतील तर छोट्या एक्स्पोजरमध्ये आडवे पट्टे येऊ शकतात, कारण असे बरेच दिवे विजेच्या लयीत सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटर सोडून मेकॅनिकल वापरलं की बऱ्याचदा पट्टे जातात.

ट्रायपॉड चालत नसेल तर कॅमेरा बाकाच्या पाठीवर किंवा छोट्या उशीवर टेकवा. हातात धरूनच काढायचे असतील तर आयएसओ वाढवा, स्टॅबिलायझेशन सुरू ठेवा, तीनच फोटो सलग घ्या आणि जोडताना अलाइनमेंट (फ्रेम एकमेकींवर बसवणं) चालू करा. कडा थोड्या कापल्या जातील हे धरून चौकट सैल ठेवा.

जोडण्याआधी सगळ्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स सारखा करा, भिंगाचे दोष आणि काचेच्या शिशाच्या पट्ट्यांभोवतीची जांभळी किनार काढा. शार्पनिंग आत्ता नको. डीघोस्टिंग (हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणं) गरजेपुरतंच, मेणबत्तीच्या ज्योती आणि चालती माणसं यांसाठी ते लागतं, पण जोर वाढवला की त्या भागात एकाच फ्रेमचा नॉइज (दाणेदारपणा) उघडा पडतो. लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या फाइलला एक्स्पोजरची पट्टी −१० ते +१० मिळते. हवी तेवढी ताणता येते म्हणून ताणू नका.

शॅडोजची (गडद भाग उजळणारी) पट्टी १०० वर नेली की सगळं चर्च राखाडी आणि सपाट होतं आणि खिडकीभोवती उजळ कडं उमटतं. शॅडोज ३०-४० वर थांबवा. आमच्या मते छताचा एखादा कोपरा काळा राहिलाच पाहिजे, त्याच्यामुळेच उंची जाणवते. तरीही कडं दिसत असेल, तर सर्वांत गडद फ्रेममधली खिडकी मास्कने (फोटोचा निवडलेला भागच दाखवणाऱ्या थराने) हाताने बसवा. दुसरा मार्ग एक्स्पोजर फ्यूजनचा. यात एचडीआर फाइल बनतच नाही, प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला भाग उचलून थेट मिसळला जातो. एन्फ्यूज हे मोफत साधन तेच करतं आणि नवख्याच्या हातून त्यात बिघडतं कमी.

शेवटी रंग. दिव्यांचा पिवळा प्रकाश ३००० केल्विनच्या आसपास, खिडकीतला दिवसाचा ५५०० किंवा त्याहून वर. एकाच आकड्यात दोन्ही बसत नाहीत. दगड किंचित उबदार दिसेल असा मधला आकडा धरा आणि खिडकीजवळच्या भिंतीवरचा निळेपणा ब्रशने उतरवा. पण काचेतून फरशीवर पडलेल्या रंगीत उजेडाला हात लावू नका, तो डाग समजून पुसला जातो.