अकरा प्लसचं अपील: मसुदा बदलला आणि जागा मिळाली

इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशरमध्ये ग्रामर स्कूलसाठी, म्हणजे परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेसाठी, अकरा प्लस या प्रवेश परीक्षेत १२१ गुण लागतात. लेकीला ११८ मिळाले. रिव्ह्यू, म्हणजे अपीलाआधीचा फेरविचार, न मागता आम्ही थेट अपील केलं. पहिला मसुदा मी रात्री रडतरडत लिहिला: तिची मेहनत, आजीचं आजारपण, शाळा घराजवळ. मग नियम नीट वाचले. गुण कमी असतील तर मूल ग्रामर स्कूलच्या अभ्यासाच्या तोडीचं आहे याचाच पुरावा अपील ऐकणाऱ्या पॅनेलला हवा असतो. सगळं खोडलं. इयर फाइव्हचे रिपोर्ट, वाचन-गणिताचे निकाल आणि मुख्याध्यापिकांचं पत्र जोडलं. ते पत्र मागायला मला फार संकोच वाटत होता, पण सुनावणीत बहुतेक प्रश्न त्यावरच आले. परीक्षेच्या आठवड्यातल्या तापाबद्दल फक्त दोन ओळी, सोबत डॉक्टरांची नोंद. मे महिन्यात होकाराचं पत्र आलं.