लेण्यांचा अभ्यास करताना आधी स्तूप बघा

एमपीएससी किंवा यूपीएससीसाठी लेणी करताय ना, तर नुसती नावं आणि शतकं घोकू नका, चार दिवसांत सगळी सरमिसळ होते. त्यापेक्षा फोटो समोर ठेवा आणि आत काय आहे ते बघा. मागच्या बाजूला स्तूप (पूजेचा घुमटासारखा दगडी उंचवटा), दोन्हीकडे खांबांची रांग, वर कमानीसारखं छत असेल तर चैत्य, म्हणजे प्रार्थनेची जागा, आणि मधे मोकळा चौक, भोवती भिक्षूंच्या खोल्या असतील तर विहार.

आता अजिंठ्याचंच घ्या, तिथे ९, १०, १९ आणि २६ नंबरची लेणी चैत्य आहेत, ९ आणि १० मधला स्तूप साधा आहे, म्हणजे जुना हीनयान काळ (बौद्ध धर्माचा बुद्धमूर्ती न करणारा आधीचा पंथ), आणि १९, २६ मध्ये स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलीय, म्हणजे महायान (मूर्तिपूजा मानणारा नंतरचा पंथ), वाकाटक राजांचा काळ, ५वं शतक. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की बरेच पर्याय आपोआप कटतात.

भाजे आणि कार्ले पण असंच बघा. भाज्याच्या चैत्यात खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, लाकडी बांधकामाची सरळ नक्कल, आणि कार्ल्याच्या छताला तर मूळ लाकडी फासळ्या अजून आहेत, खरंच जाऊन बघण्यासारख्या! जमलं तर लोणावळ्याजवळची ही दोन्ही एका दिवसात करा.

वेरूळचं सोपंय: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, त्यात १० नंबर चैत्य आणि १६ नंबर कैलास मंदिर, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. प्रत्येक लेण्याचा प्लॅन वहीत हाताने काढा, वाकडातिकडा आला तरी चालेल.