स्कझी रेड जोडताना या चुका टाळा

स्कझी म्हणजे एकाच केबलवर अनेक डिस्क जोडायची जुनी पद्धत, आणि रेड म्हणजे त्या डिस्क एकत्र बांधून केलेला एक साठा. डिस्क बदलून झाल्या, कार्ड बदलून झालं आणि शेवटी दोष निघाला केबलच्या टोकाला, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता झाकण उघडल्यावर मी आधी केबलवरूनच बोट फिरवतो.

टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल शोषून घेणारा तुकडा, बसच्या (सगळ्या डिस्क जोडणाऱ्या सामाईक केबलच्या) दोन्ही टोकांना हवा, मध्ये कुठेही नको. टोक म्हणजे केबलचं टोक. प्रत्येक डिस्कला दिलेल्या आयडी नंबराशी त्याचा काही संबंध नाही. टोक मोकळं राहिलं की सिग्नल तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्यात मिसळतो. मशीन सुरू होतं, डिस्क दिसतात, म्हणून नवी मुलं 'झालं' म्हणून झाकण लावतात. लोड आला की खरं कळतं.

एका पतसंस्थेत 9 जीबीच्या चार एलव्हीडी (सिग्नल तारांच्या जोडीवर पाठवणाऱ्या) डिस्कवर रेड 5 होतं, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी रचना. कोणीतरी हॉट स्पेअर (आयत्या वेळची बदली) म्हणून जुनी सिंगल-एंडेड (सिग्नल एकाच तारेवर पाठवणारी) डिस्क मधल्या कनेक्टरला लावली. दिवसा सगळं ठीक, रात्री बॅकअप सुरू झाला की पॅरिटी एरर, म्हणजे केबलवरून येणाऱ्या डेटात चूक. आठवड्याभरात दोन डिस्क एकदम ऑफलाइन गेल्या आणि रेड बंद पडलं. मी पोचलो तेव्हा तिथला मुलगा इनिशियलाइझ (रेड कोरं करायचं बटण) दाबायच्या बेतात होता. "अरे, हात काढ आधी!" म्हणून ओरडलो. त्या एका बटणाने सगळी खाती गेली असती.

जुन्या डिस्कवर टर्मिनेशन चालू करणारा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) तसाच लावलेला होता. म्हणजे बसवर तिसरा टर्मिनेटर, तोही मधोमध. शिवाय एक सिंगल-एंडेड डिस्क आली की अख्खी बस सिंगल-एंडेड होते: सेकंदाला 80 एमबीची 40 वर येते आणि 12 मीटरची केबलमर्यादा दीड-तीन मीटरवर. ती डिस्क काढली, लॉग वाचून सगळ्यात शेवटी पडलेली डिस्क फोर्स ऑनलाइन (जबरदस्तीने चालू) केली, डेटा टेपवर घेतला आणि मगच आधी पडलेली डिस्क रिबिल्डला (डेटा पुन्हा भरायला) लावली. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या. दोन डिस्क एकाच मिनिटात 'मेल्या' तर मी आधी केबल, टर्मिनेटर आणि पॉवर सप्लाय बघतो.

एलव्हीडी डिस्कच्या आत टर्मिनेटर नसतो. जंपर शोधत बसू नका, केबलच्या शेवटी वेगळा टर्मिनेटर लावा.

आयडी 7 कार्डाचा असतो, तो डिस्कला देऊ नका. 80 पिनी ट्रे असेल तर आयडी बॅकप्लेन (डिस्क ज्यात खुपसतात ती मागची पाटी) देतं, तिथे जंपर लावायचेच नाहीत.

सगळ्या डिस्क एकदम फिरू लागल्या की 12 व्होल्टची लाइन दबते. डिस्क उशिरा फिरवणारा डिले स्टार्टचा जंपर त्यासाठीच आहे.

बदली डिस्कच्या लेबलवर 'तेवढेच जीबी' पाहून भागत नाही, सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे) मोजा. एक जरी कमी असला तरी रिबिल्ड सुरूच होणार नाही.

आणि ट्रेवर आयडी, सिरियल नंबर लिहिलेली चिठ्ठी लावा. रेड 5 मध्ये एक डिस्क गेलेली असताना घाईत शेजारची चांगली डिस्क ओढलेली मी दोनदा पाहिली आहे.