रात्री अकरानंतर कॅम्पसवर: अभ्यासिकेतून होस्टेलपर्यंत नीट कसं पोचायचं

'मुलींनी रात्री बाहेर पडूच नये' असं सांगणाऱ्यांनी कधी प्रबंधाची शेवटची तारीख डोक्यावर असताना रात्री बारापर्यंत टाइप केलेलं नसतं. शहरातल्या विद्यापीठात राहायचं तर रात्र टळत नाही. अभ्यासिका उशिरा बंद होते, प्रयोगशाळेतलं यंत्र मध्येच सोडता येत नाही, गावाहून येणारी बस उशिरा पोचते. दोन विद्यापीठांच्या होस्टेलांत मिळून मी आठ वर्षं काढली. फोन चार्ज ठेवा, रेक्टरचा नंबर सेव्ह करा, होस्टेलची वेळ माहीत करून घ्या, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

१. रस्ता आधीच ठरवा

जुन्या कॅम्पसवर झाडं भरपूर असतात. पुण्याचं विद्यापीठ ज्या गणेशखिंडीत आहे तिथे पूर्वी राज्यपालांचं निवासस्थान होतं, त्यामुळे तिथली झाडी विद्यापीठाहून जुनी आहे. अशा ठिकाणी दिवा खांबावर असतो आणि उजेड फांद्यांत अडकतो. दुपारी प्रशस्त वाटणारा रस्ता रात्री ओळखू येत नाही. म्हणून मैत्रिणीला घेऊन एकदा रात्री दहाला सगळे रस्ते चालून बघा आणि जो लांबचा पण उजेडाचा असेल, ज्यावर सिक्युरिटीची केबिन असेल, तो पक्का करा. शॉर्टकट दिवसा वापरा.

२. एकीला कळवा, ग्रुपला नको

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशनला पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीन पर्याय आहेत. एक तास निवडा. ते होस्टेलच्या ग्रुपवर टाकू नका, कारण तिथे प्रत्येकीला वाटतं की दुसरी कुणीतरी बघतेय. जागी असलेल्या एकीलाच पाठवा आणि सोबत वेळ लिहा: 'अकरा वीसपर्यंत आले नाही तर फोन कर.' वेळ नसेल तर लोकेशन म्हणजे नकाशावरचा नुसता ठिपका.

३. बूट घाला, टॉर्च लावा

पावसाळ्यात तर नक्कीच. मण्यार रात्रीच फिरते. आठ वर्षांत मला माणसांपेक्षा कुत्र्यांनी आणि उघड्या चेंबरांनी जास्त वेळा घाबरवलंय.

४. रिक्षा दारापर्यंत न्या

गेटवर उतरून वीस रुपये वाचवू नका. रिक्षाच्या नंबरचा फोटो बसण्याआधी काढा, आणि चालकाला दिसेल असा काढा.

५. मागे कुणीतरी आहे असं वाटलं तर

बाकीच्या पायऱ्या कुणालाही जमतात. ही मला जमली नव्हती.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एक दुचाकीवाला शेजारून हळू गेला, वळून परत आला, 'सोडू का?' म्हणाला. मी हसून 'नको, थँक्यू' म्हटलं. तो पुन्हा आला. मग मी सगळीकडे सांगतात तो उपाय केला: फोन कानाला लावून 'हो आई, पोचतेच आहे' असं सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला तोच फोन कानाशी खणखणून वाजला. घाबरून मी झाडांमधल्या शॉर्टकटमध्ये शिरले, म्हणजे आपणहून अंधारात गेले. पलीकडे स्टाफ क्वार्टर्समधले एक काका-काकू शतपावली करत होते म्हणून निभावलं. काकांनी गुडघेदुखीची सविस्तर हकिगत सांगत मला होस्टेलच्या दारात सोडलं.

त्या रात्री मी एकेक गोष्ट उलट केली होती, आणि सगळ्याच्या मुळाशी भीड होती. आपण आरडाओरडा केला आणि तो बिचारा खरंच मदत करत असला तर? तमाशा नको, वाईट दिसेल. ही भीड मोडायला मला दोन वर्षं लागली. म्हणून आता क्रम सांगते.

खात्री होण्याची वाट बघू नका. थांबा, सरळ वळून बघा, रस्त्याची बाजू बदला. त्यानेही बदलली तर तेवढं पुरे.

मग माणसांकडे जा, होस्टेलकडे नाही. हे सगळ्यात अवघड, कारण पाय आपोआप खोलीकडे वळतात. तुम्ही कुठे राहता ते त्याला माहीत नसेल तर दाखवू नका. सिक्युरिटीची केबिन, एटीएम, टपरी, दिवा लागलेली प्रयोगशाळा, यातलं जे जवळ असेल तिथे जा. काहीच नसेल तर क्वार्टर्समधल्या कुठल्याही दाराची बेल वाजवा. साडेअकराला बेल वाजवल्याबद्दल मला आजवर कुणी रागावलेलं नाही.

बोलायचं ते मोठ्याने आणि पूर्ण वाक्यात. 'मागे येऊ नका. गाडी पुढे घ्या.' त्यात 'सॉरी', 'प्लीज', 'थँक्यू' नको, हसणं तर नकोच. याला कायद्याचाही आधार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा सांगताना, बाईने नापसंती स्पष्ट दाखवूनही पुन्हापुन्हा संपर्क साधू पाहणं असं म्हटलंय. तुमचं हसून 'नको, थँक्यू' उद्या कुणी नकार म्हणून मोजेल का, याचा विचार करा.

मग फोन. आधी कॅम्पसच्या सिक्युरिटीला, कारण ते आतच असतात. पण तो नंबर एखाद्या साध्या रात्री लावून बघा. उचलत नसतील तर थेट ११२. तिथे ठिकाण आधी सांगा आणि काय घडतंय ते नंतर, म्हणजे फोन मध्येच कटला तरी पत्ता पोचलेला असतो. नुसतं 'विद्यापीठात आहे' याला अर्थ नाही. पुण्याचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे, मुंबईचं कलिनाही दोनशेच्या वर. 'अमुक गेटमधून आत आल्यावर डावीकडे अमुक विभाग, त्याच्या पायऱ्यांवर उभी आहे, एक जण दुचाकीवरून मागे येतोय' हे वाक्य आपल्या रोजच्या रस्त्यासाठी बनवून ठेवा आणि दोनचारदा मोठ्याने म्हणून बघा. फोन लोकेशन पाठवेल या भरवशावर राहू नका.

पेपर स्प्रेबद्दल विचाराल, तर तो सॅकच्या तळाशी डब्याखाली असतो आणि वारा तुमच्याकडे असला तर तुमच्याच डोळ्यांत जातो. हातात धरून चालणार असाल तरच घ्या.

आणि तो माणूस खरंच निरागस निघाला तर? एकदा निघाला. मी असं काही ओरडले की केमिस्ट्रीचा एक पीएच.डी.वाला जागच्या जागी गोठला. त्याला गेस्ट हाउस सापडत नव्हतं. त्याने तीनदा माफी मागितली, मी एकदा, आणि गेस्ट हाउस दाखवलं. विषय संपला. एवढ्यासाठी भीड बाळगत होते मी.

६. फोनचं एसओएस दिवसा जुळवा

बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण भराभर पाचदा दाबलं की आणीबाणीचा फोन लागतो, काहींवर तीनदा. तुमच्यावर काय ते सेटिंग्जमध्ये बघा.

७. त्याच रात्री लिहून काढा

वेळ, जागा, गाडीचा नंबर, तुम्ही काय बोललात, तो काय बोलला. सकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं. प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते आणि तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. 'तो बाहेरचा होता, आमचा विद्यार्थी नाही' असं ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत बाहेरच्याने दिलेला त्रासही येतो. पोलिसांत जायचं तर हद्दीवरून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो.

मुलांनो, तुम्हीही लोकेशन पाठवत जा. फोन हिसकावणारा कुणाला सोडत नाही, आणि तुमच्यातला एकही जण हे करत नाही.

८. बंद दिव्याची तक्रार खांबाच्या नंबराने करा

'लायब्ररीच्या मागे अंधार असतो' असे तीन अर्ज मी दिले, काही झालं नाही. चौथ्या अर्जात खांबांवर रंगवलेले नंबर घातले आणि रेक्टरची सही घेतली. त्यातले तीन दिवे आठवडाभरात लागले. चौथ्यासाठी फांदी तोडावी लागणार होती, त्याचा अर्ज उद्यान विभागाकडे वेगळा द्यावा लागतो.