मनोहारीदांची आठवण करायची, तर अशी

जुलै जवळ आला की आमच्याकडची वाजवणारी मुलं विचारू लागतात, मनोहारीदांसाठी काहीतरी करूया, पण करायचं कसं? मी गोव्यात फोंड्याला आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. लग्नांत, जत्रांत, कधी नाटकाच्या साथीला. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत सॅक्सोफोन वाजवणारे मनोहारी सिंग आम्हा फुंकवाद्यवाल्यांना घरच्या वडीलधाऱ्यासारखे. त्यांच्या नावाने होणारी संध्याकाळ नीट व्हावी म्हणून हे लिहितो.

आधी तारीख ठरवा. त्यांचा जन्म 8 मार्च 1931 चा, निधन 13 जुलै 2010 चं. मार्चमध्ये हवा कोरडी असते, वाद्य सुरात राहतं, हे खरं. पण तेव्हा शिगमो (आमचा होळीचा उत्सव) आणि लग्नं, एकही वाजवणारा मोकळा सापडायचा नाही. जुलैत सांजाव, सांगोड हे जूनमधले सण उरकलेले असतात, गणेशचवथ लांब असते. म्हणून जुलैच धरा. जागा मात्र पाहून घ्या. देवळाची अग्रशाळा (उतरायची-जमायची इमारत) मिळत असेल तर उत्तम, फक्त समितीला आधी विचारा. पत्र्याचं छप्पर नको. पाऊस कोसळला की पत्र्याखाली सॅक्सोफोनचा मृदू सूर ऐकूच येत नाही, आणि दादांचं सगळं वैभव त्या मृदू सुरातच आहे.

आता गाणी. इथे बहुतेक कार्यक्रम घसरतात. गायक आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर वीस गाणी म्हणतात आणि सॅक्सोफोनवाला कोपऱ्यात उभा राहतो. तसं करू नका. सहा-सात गाणी पुरेत, पण प्रत्येकात वाद्य पुढे हवं. ‘आरजू’मधलं (1965) ‘बेदर्दी बालमा’ घ्या, ‘कश्मीर की कली’मधलं (1964) ‘है दुनिया उसी की’ घ्या. दुसऱ्यात रफीसाहेबांच्या ओळींमधून सॅक्सोफोन कसा वावरतो ते लक्ष देऊन ऐका. गायक श्वास घेतो तिथे तो बोलतो, गायक आला की बाजूला होतो. हे फिलर नोटेशनमध्ये उतरवल्याशिवाय तालमीला बसू नका. ‘ये शाम मस्तानी’तली शिट्टीही दादांचीच, ती वाजवू नका, कुणाकडून तरी खरीच घालून घ्या. आणि जुन्या गाण्यात सॅक्सोफोन ऐकू आला म्हणजे तो त्यांचाच, असं धरून चालू नका. श्यामराज, राज सोढा यांनीही पुष्कळ वाजवलंय. खात्री नसेल तर ते गाणं सोडून द्या. एकाचं श्रेय दुसऱ्याला देणं हा दोघांवरही अन्याय आहे.

गायिका हमखास म्हणेल, लताबाईंची पट्टी मला झेपत नाही, खाली घ्या. तिचं बरोबरच आहे. पण हा निर्णय निदान महिनाभर आधी करा. आल्टोवर गाणं मुळातच दुसऱ्या स्केलमध्ये येतं. पियानोचा सी म्हणजे आपला ए. पट्टी अर्धा स्वर खाली गेली की सगळी बोटं बदलतात, आणि जी घसीट (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) मूळ स्केलमध्ये सहज येते ती इथे अडखळते. नव्या स्केलमध्ये तुकडा आधी गळ्याने म्हणा, मग वाद्यावर घ्या.

त्यांचा आवाज कसा काढायचा? हुबेहूब येणार नाही, पण दिशा सापडते. जबडा सैल सोडा, खालचा ओठ रीडवर (तोंडाशी असलेल्या, कंप पावणाऱ्या पातळ पट्टीवर) दाबू नका, जीभ ‘ट’ने नाही तर ‘ड’ने लावा. हवा भरपूर, आवाज थोडा. खालच्या सप्तकात रोज दहा मिनिटं एकेक स्वर असा धरला की हळूहळू त्यात श्वास मिसळलेला ऐकू येतो. माइक वाद्याच्या तोंडात कोंबू नका. सूर भोकांतूनही बाहेर पडतो, म्हणून फूट-दीड फुटावर, डाव्या हाताच्या बोटांच्या रोखाने ठेवा आणि साउंडवाल्याला एको कमी करायला सांगा.

पावसाळ्यात वाद्याची काळजी दुप्पट. रीड ओली डब्यात टाकली की बुरशी धरते आणि वाकडीही होते. पुसून सपाट काचेवर सुकवा, मगच ठेवा. भोकं झाकणारी पॅड चिकटत असतील तर पातळ कागद मध्ये धरून अलगद दाबा. लाकडी क्लॅरिनेटचे सांधे फुगून घट्ट बसले तर जोर लावू नका, कॉर्कला ग्रीस लावा. सूर जुळवायचा तो दहा मिनिटं वाजवून वाद्य तापल्यावर.

भाषण एकच, पाच मिनिटांचं. कोलकात्याचे, बाटा कंपनीच्या बँडमध्ये घडलेले, 1958 मध्ये मुंबईला आले, बासरी, क्लॅरिनेट, मँडोलिनही वाजवत. पंचमदांकडे (आर. डी. बर्मन) बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव कीर यांच्याबरोबर ते वर्षानुवर्षं होते. एवढं पुरे. पण आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून सांगाच: ओ. पी. नय्यरसाहेबांकडे आणि शंकर-जयकिशनकडे अरेंजर (कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते ठरवणारे) असलेले सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. त्या काळच्या स्टुडिओंत दादांच्या आजूबाजूला बसून स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचणारे कितीतरी वादक गोव्यातल्या सासष्टी-बारदेशातून गेलेले होते. तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावं यायची, वाजवणाऱ्यांची नाही. म्हणून प्रत्येक गाण्याआधी निवेदकाने वादकाचं आणि अरेंजरचं नाव घ्यावं, आणि मंचावर आज कोण काय वाजवतंय तेही सांगावं.

मुंबईहून गावी परतलेले असे एखादे वयस्कर वादक तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना फोनवर बोलावू नका, घरी जा. गाडीने आणा, गाडीने सोडा, पहिल्या रांगेत बसवा. वाजवायचा आग्रह नको. दात गेले की ओठ बसत नाही, त्यांना ते दुखतं. बोलतं मात्र करा. रेकॉर्डिंगचा टेक कसा व्हायचा, चूक झाली की सगळा ऑर्केस्ट्रा पुन्हा पहिल्यापासून कसा वाजवायचा, दादा शेजारी काय करत असायचे, हे विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. परवानगी विचारूनच.

भाजी-पाव नि चहा वाजवून झाल्यावर द्या, आधी नाही. तेलकट ओठांनी रीड वाया जाते. आणि लोक खात असताना तुम्ही उतरवलेल्या नोटेशनच्या झेरॉक्स मुलांना वाटून टाका.