परदेशात अडकून पडलात तर मन कसं सांभाळाल

2020 च्या ऑगस्टमध्ये कोरोनामुळे मेलबर्नला रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी लागली. व्यायामाला दिवसातून एकच तास, तोही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. आई साताऱ्यात एकटी, आणि ऑस्ट्रेलियाची सरहद्द मार्चपासूनच बंद. त्या दिवसांत मला जे उपयोगी पडलं, ते सांगते.

आधी फोनची वेळ पक्की करा. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा आईकडे दुपारचे दोन. नुसतं "बरी आहेस ना?" विचारून ठेवून देऊ नका. मी फोन ओट्यावर टेकवून कणीक मळायचे, ती तिकडे मेथी निवडत बसायची. दहा-दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. मला सगळ्यात जास्त धीर त्या शांततेनं दिला.

बाहेरचा तास उजेडातच वापरा. बातम्या दिवसातून एकदाच.

झोप उडाली, घास उतरेना, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टर गाठा. 'टेन्शनच आहे' म्हणत मी तीन महिने काढले. तुम्ही काढू नका. इथे ऑस्ट्रेलियात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, मेंटल हेल्थ केअर प्लॅन (मनाच्या उपचारांचा आराखडा) लिहून देतात, मग सायकॉलॉजिस्टच्या फीचा काही भाग मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, देतं. मेडिकेअर नसलेल्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठातल्या समुपदेशकांना भेटावं. रात्र फारच जड गेली तर लाइफलाइन ही मदतीची फोनलाइन आहे, 13 11 14, चोवीस तास. आणि मनातलं इंग्रजीत सांगता येत नसेल, तर 131 450 वर दुभाषी मागा. लाजू नका.