डोकेदुखी सिव्हिअर, पण सीरियस नाही

बी.फार्म. करून फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायच्या कामात लागले, तेव्हा फार्मॅकॉलॉजीची वही सोबत नेली होती. अडले मात्र इंग्रजीत.

पहिल्याच महिन्यातली केस. रुग्णाचं डोकं असह्य दुखलं, दिवसभर खोलीत अंधार करून पडून होता, संध्याकाळी बरा झाला. मी नॅरेटिव्हमध्ये, म्हणजे केसच्या लेखी हकिकतीत, ‘सीरियस हेडेक’ लिहिलं. क्यूसीच्या, म्हणजे आमचं लिखाण तपासणाऱ्या मॅडमनी खुर्ची वळवली. “अ‍ॅडमिट केलं होतं का त्याला?” नाही. “मग सीरियस कसं गं?”

आपल्या तोंडी दोन्हीला ‘गंभीर’च येतं. इथे सिव्हिअर म्हणजे त्रास किती जोराचा. सीरियस म्हणजे त्यातून काय ओढवलं: मृत्यू, जिवाला धोका, अ‍ॅडमिट व्हावं लागणं किंवा तिथला मुक्काम लांबणं, टिकून राहणारं किंवा मोठं अपंगत्व, बाळात जन्मजात व्यंग. म्हणून हार्ट अ‍ॅटॅक ‘माइल्ड’ असला तरी सीरियसच धरतात. औषधांचे नियम देशोदेशी सारखे करणाऱ्या आयसीएच या संस्थेच्या १९९४ च्या ई२ए मार्गदर्शक सूचनांत हा फरक सोडवून सांगितलाय. चारेक ओळी आहेत, रुजू होण्याआधी वाचून घ्या. कारण शब्दावर मुदत ठरते. ट्रायलमधली, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचणीतली सीरियस, अनपेक्षित आणि औषधामुळे झाल्याचा संशय असलेली रिअ‍ॅक्शन १५ दिवसांत कळवायची. मृत्यू किंवा जिवाला धोका असेल तर ७ दिवसांत.

इव्हेंट आणि रिअ‍ॅक्शनचंही तसंच. मराठीत दोन्ही ‘दुष्परिणाम’ म्हणून खपतात. ट्रायलमधला माणूस स्कूटरवरून पडला, मनगट मोडलं. हसू नका, तोही अ‍ॅडव्हर्स इव्हेंटच; औषध सुरू असताना घडलं, एवढं पुरतं. रिअ‍ॅक्शन लिहायला मात्र औषधाचा हात असण्याची वाजवी शक्यता हवी. आणि चक्कर येऊन पडला असेल तर? तिथे मी आजही सोर्स डॉक्युमेंट, म्हणजे केसचा मूळ कागद, पुन्हा उघडते.

शाळेतल्या बाईंनी लावलेली एक सवय मोडायला मला सहा महिने लागले: निबंधात तोच शब्द पुन्हा नको. नॅरेटिव्हमध्ये एकदा ‘इव्हेंट’ म्हटलं की शेवटपर्यंत इव्हेंट. मध्येच ‘रिअ‍ॅक्शन’ आलं की वाचणारा विचारतो, ही दुसरी कुठून आली?

वहीत शब्दापुढे अर्थ लिहायचं मी सोडलं, प्रश्न लिहिते. सिव्हिअर: किती? सीरियस: मग काय झालं? इव्हेंट: काय घडलं? रिअ‍ॅक्शन: औषधामुळे का?

आणि डॉक्टरांनीच कागदावर ‘सीरियस व्हॉमिटिंग’ लिहून पाठवलं, तर त्यांचा शब्द खोडू नका. तो जसाच्या तसा ठेवायचा, निकष तपासायचे आणि विचारायचं: सलाइनसाठी अ‍ॅडमिट केलं होतं का?